तुम्ही विचारलंत म्हणून: दानासाठी विणायचं तर मेळावा कधी आणि कशासाठी?

"डिसेंबरात आमच्या विणकाम गटाचा मेळावा आहे. सगळ्या मिळून काहीतरी विणू आणि दान करू म्हणतोय. काय विणायचं?" दिवाळी उलटली की हा प्रश्न ठरलेला. उत्तर देताना मी काय विणायचं ते बाजूला ठेवते आणि आधी तारखेचं बोलते, कारण डिसेंबर म्हणजे उशीर.

डिसेंबरच्या मेळाव्याची पद्धत अमेरिका-इंग्लंडमधल्या विणकाम गिल्डची, म्हणजे विणणाऱ्यांच्या मंडळांची. वर्षभर विणलेल्या टोप्या, मफलर, हातमोजे नाताळच्या बैठकीत जमा होतात, उरलेल्या लोकरीची अदलाबदल होते, प्रत्येक जण घरून एक पदार्थ घेऊन येते. तिकडे थंडी मार्चपर्यंत असते, त्यामुळे डिसेंबरच्या मध्यात पोचलेली टोपीही तीन महिने वापरली जाते. आपल्याकडे नाशिक, धुळे, नंदुरबार, मेळघाट या भागांत दिवाळीनंतर थंडी धरते, निफाडला पारा दहाच्या खाली जातो, आणि संक्रांतीनंतर काही आठवड्यांत ती ओसरायला लागते. डिसेंबरच्या शेवटी जमवलेल्या टोप्या जानेवारीच्या मध्यात गावात पोचल्या तर यंदा त्या मुलांना जेमतेम काही आठवडे कामी येणार. आश्रमशाळेसाठी विणत असाल तर मुलं दिवाळीच्या सुट्टीवरून परत येतात तेव्हा टोप्या तिथे हजर हव्यात. म्हणून मेळावा कोजागरीच्या आसपास घ्या. विणायला सुरुवात आषाढ-श्रावणात, पावसाने घरात बसवलेलं असतं तेव्हा.

दुसरी गोष्ट मेळाव्यात काय करायचं याची. मेळाव्यात बसून टोपी विणून होत नाही. गप्पांत टाके सुटतात, मोजमाप चुकतं, आणि दिवसाच्या शेवटी अर्धवट टोप्यांचं गाठोडं कुणीतरी घरी नेतं. विणकाम घरी करायचं. मेळावा ठेवायचा तपासणी, शिवण, धाग्यांची टोकं लपवणं, धुण्याच्या चिठ्ठ्या आणि बांधाबांध यांसाठी. ही कामं एकटीला कंटाळवाणी वाटतात आणि दहा जणींत भराभर उरकतात.

आता काय विणायचं ते. ज्यांना द्यायचं आहे त्यांना विचारल्याशिवाय एकही टाका घालू नका. रुग्णालयाला द्यायचं असेल तर नवजात अतिदक्षता विभागाच्या प्रमुख परिचारिकेला भेटा आणि चार गोष्टी लिहून आणा: कुठल्या मापाच्या टोप्या कमी पडतात, कपडे कसे धुतात, कुठला धागा चालत नाही, आणि एका वेळी किती ठेवून घेता येतात. काही ठिकाणी बाहेरचं विणलेलं काहीच घेत नाहीत. संसर्गाची भीती खरी असते, तिथे आग्रह धरू नये.

टोपी घेतात तिथे ती खरंच उपयोगी पडते. गरोदरपणाचे ३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेलं बाळ अपुऱ्या दिवसांचं. त्याच्या अंगावर चरबी फार कमी असते, आणि शरीराच्या मानाने डोकं मोठं असल्याने उष्णता तिथून झपाट्याने जाते. आईच्या उघड्या छातीशी बाळाला धरून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७८च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. आज ती आपल्याकडेही वापरतात. त्यात बाळाच्या अंगावर लंगोट, टोपी आणि पायमोजे एवढंच असतं, म्हणून टोपी नीट बसायला हवी.

मापाचा अंदाज असा: २८ आठवड्यांना जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण २६ सेंटीमीटर, ३२ आठवड्यांना जन्मलेल्या बाळाचा २९ ते ३०, पूर्ण दिवसांच्या बाळाचा ३४ ते ३५. टोपी घेराहून साधारण दहा टक्के लहान विणायची, म्हणजे ती ताणून बसते आणि घसरत नाही. डीके, म्हणजे मध्यम जाडीची लोकर आणि ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुया घेतल्या तर सुलट-उलट विणीत १० सेंटीमीटरला २२ टाके बसतात. या हिशोबाने सगळ्यात लहान बाळाला ५० टाके, मधल्याला ६०, पूर्ण दिवसांच्या बाळाला ७०. हाच हिशोब पुढे नेला की सात-आठ वर्षांच्या मुलाला १०० आणि मोठ्या माणसाला ११०. सगळे आकडे दहाच्या पटीत, त्यामुळे माथा सगळ्यांचा एकाच रीतीने विणता येतो आणि गटात नव्याने आलेल्या बाईलाही पाठ होतो.

६० टाक्यांची टोपी सविस्तर सांगते. सरळ सुयांवर विणत असाल तर शिवणीसाठी दोन टाके जास्त, म्हणजे ६२ घाला. टाके दोन सुया एकत्र धरून त्यांच्यावर घाला आणि मग एक सुई ओढून काढा. एका सुईवर आवळून टाके घातले की काठ ताणत नाही, कपाळावर वळ उठतो, आणि परिचारिका ती टोपी बाजूला ठेवते. परत येणाऱ्या टोप्यांत हा दोष सगळ्यात जास्त दिसतो. काठाला एक सुलट, एक उलट अशा टाक्यांची ३ सेंटीमीटर पट्टी विणा. मग एक ओळ सुलट, एक ओळ उलट, काठापासून एकूण ८ सेंटीमीटर होईपर्यंत. ५० टाक्यांच्या टोपीला ही उंची साडेसहा, ७० टाक्यांच्या टोपीला साडेनऊ.

आता माथा. पहिला टाका शिवणीचा, तो तसाच विणा. मग आठ सुलट, दोन एकत्र. आठ सुलट, दोन एकत्र. असं शेवटच्या शिवणीच्या टाक्यापर्यंत. पुढची ओळ साधी उलट. मग सात सुलट, दोन एकत्र, परत साधी उलट ओळ. सहावर आणि पाचवरही असंच. चारपासून मात्र साधी ओळ मध्ये घालायची नाही. उलटच्या ओळीतही दोन टाके एकत्र उलट विणून कमी करत जायचं. छोट्या टोपीत शेवटपर्यंत एकाआड एक ओळीनेच टाके कमी केले तर माथ्याला टोक निघतं, आणि बाळ पाठीवर झोपलं की ते टोक दुमडून टोचतं. १०० आणि ११० टाक्यांच्या टोपीला हा त्रास नाही, तिथे एकाआड एक ओळ शेवटपर्यंत चालते. शेवटी शिवणीचे धरून आठ टाके उरतात. धागा वीतभर ठेवून कापा, बोथट सुईने आठही टाक्यांतून दोनदा फिरवा, ओढून घट्ट करा आणि त्याच धाग्याने शिवण घाला. शिवण आतून हाताला उंचवटा लागणार नाही इतकी सपाट हवी. एका टोपीला १५ ते २० ग्रॅम लोकर लागते, म्हणजे १०० ग्रॅमच्या गुंड्यात पाच टोप्या धरा.

इथे दुकानात एक घोटाळा होतो. 'बेबी वूल' म्हणून मिळणारी बरीच लोकर बारीक असते. ४ प्लाय लोकरीला १० नंबरच्या सुयांवर १० सेंटीमीटरला २८ टाके बसतात. तिच्यावर ६० टाके घातले तर घेर येतो जेमतेम २१ सेंटीमीटर, आणि मधल्या मापाची म्हणून विणलेली टोपी सगळ्यात लहान बाळालाही घट्ट होते. दुसरा घोटाळा सुयांच्या नंबरांचा. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकेत उलटं. तिकडचा नमुना '८ नंबरची सुई' म्हणतो तेव्हा ती ५ मिलिमीटरची असते. म्हणून गटात नंबर बोलूच नये, मिलिमीटर बोलावं. आणि दहा बाय दहाचा नमुना-तुकडा प्रत्येकीने विणून मोजावा, कितीही वर्षं विणत असली तरी.

नवजात विभागासाठी काही गोष्टी पूर्ण वर्ज्य आहेत. जाळीची वीण नको, छिद्रात बोट अडकतं. दोन रंगांचं नक्षीकाम नको, आतून लोंबणाऱ्या धाग्यांत बोटं गुंततात. मोहेर किंवा केसाळ लोकर नको, तिचे तंतू नाकात जातात. गोंडा, बटण, मणी, बंद यांतलं काहीही नको. बाळाला कधी डोक्याच्या शिरेतून सलाईन लावलेलं असतं, टोपी एका हाताने अलगद निघाली पाहिजे. शुद्ध लोकर गरम पाण्यात आटते, म्हणून मऊ अ‍ॅक्रिलिक किंवा सुती धागा बरा. क्रोशाच्या ऑक्टोपसबद्दल हमखास विचारणा होते. डेन्मार्कमध्ये २०१३ साली ती कल्पना निघाली, सुती धागा आणि ताणूनही २२ सेंटीमीटरपेक्षा लांब न भरणारे पाय असा तिचा कडक नियम आहे. डॉक्टरांनी मागितल्याखेरीज करू नका. आत भरण असलेली वस्तू निर्जंतुक करणं अवघड, आणि पाळण्यात सैल वस्तू ठेवायची नाही हा नियम मोठा.

केमोथेरपी घेणाऱ्यांसाठी ११० टाक्यांची टोपी चालते, पण धागा मऊ सुती किंवा बांबूचा घ्या. केस गेलेल्या त्वचेला लोकर खाजते. उंची मानेपर्यंत झाकेल इतकी ठेवा, आणि शक्यतो गोल सुईवर विणा म्हणजे शिवणच राहत नाही.

ब्लँकेट नव्या बायकांना सोबत घेण्यासाठी उत्तम. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वॉसॉ गावी एव्ही रोझेन यांनी १९९१ साली 'वॉर्म अप अमेरिका' सुरू केलं. त्यांची रीत साधी: प्रत्येकीने ७ बाय ९ इंचांचा तुकडा विणायचा, असे ४९ जोडले की एक ब्लँकेट. सात रांगा, प्रत्येकीत सात तुकडे, जोडून ४९ बाय ६३ इंच. सगळ्या ओळी सुलट विणल्या की तुकड्याची कड वळत नाही, म्हणून नवशिकीला हेच द्या. डीके लोकरीवर ३८ ते ४० टाके लागतात, पण टाक्यांवर भरवसा ठेवू नका. प्रत्येकीला १८ बाय २३ सेंटीमीटरचा पुठ्ठा कापून द्या आणि तुकडा त्यावर बसवून बघायला सांगा. एकेक तुकडा एका सेंटीमीटरने चुकला तर सात तुकड्यांच्या रांगेत सात सेंटीमीटरचा फरक पडतो आणि ब्लँकेट तिरकं होतं. थोडा लहान भरलेला तुकडा वाया घालवू नका, त्याच्या चारही बाजूंनी क्रोशाची एक ओळ फिरवली की तो मापात येतो.

आणि एक गोष्ट काळजीने सांगते. ज्या घरांत मुलं चुलीशी किंवा शेकोटीशी बसतात तिथे अ‍ॅक्रिलिकची लोंबती शाल, मफलर देऊ नका. अ‍ॅक्रिलिक पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. तिथे डोक्याला घट्ट बसणारी टोपी द्या. मफलरच मागितला तर लोकरीचं प्रमाण जास्त असलेला धागा घ्या, महाग पडला तरी. त्याच पैशांत संख्या कमी झाली तर चालेल.

मेळाव्याच्या दिवशी चार टेबलं मांडा. पहिल्यावर मोजपट्टी. टोपी न ताणता सपाट ठेवून रुंदी मोजायची, दुप्पट केली की घेर, आणि मापाप्रमाणे वेगवेगळ्या टोपल्यांत टाकायची. दुसऱ्यावर तपासणी. टोपीत मूठ घालून ट्यूबलाइटसमोर धरा. पेन्सिलीचं टोक सहज आत जाईल असं छिद्र दिसलं तर तो सुटलेला टाका, उलगडू लागण्याआधी धाग्याने बांधून घ्या. मग काठ दोन्ही हातांनी ताणून बघा. घट्ट काठ उसवून पुन्हा सैल बंद करणं शक्य नसेल तर ती टोपी एक माप खाली टाका, विणणारीचं काम फुकट जात नाही. तिसऱ्या टेबलावर टोकं लपवायची: धागा एका दिशेला ४-५ सेंटीमीटर ओवायचा, मग उलट दिशेला परत. एकाच दिशेने ओवलेला धागा दोन धुण्यांत बाहेर येतो, आणि सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर रक्त अडतं. चौथ्यावर चिठ्ठी आणि बांधणी. चिठ्ठी मराठीत, मोठ्या अक्षरांत: कोमट पाणी, साधा साबण, पिळू नका, सावलीत आडवं वाळवा, इस्त्री नको. इस्त्रीने अ‍ॅक्रिलिकचा ताण कायमचा जातो, टोपी ढगळ होते.

फराळ दुसऱ्या खोलीत. चिवड्याचे तेलकट हात पांढऱ्या लोकरीला लागले तर डाग निघत नाहीत, आणि शेंगदाण्याची किंचितही भुकटी रुग्णालयात जाणाऱ्या टोपीवर नको.

आश्रमशाळेला देताना पटावरची संख्या आधी विचारा आणि तेवढ्या पूर्ण करूनच न्या, वर पाच-सहा जास्त. पंचावन्न मुलांच्या वसतिगृहात चाळीस टोप्या नेल्या तर कुणाला द्यायच्या नाहीत हे तिथल्या शिक्षकांना ठरवावं लागतं, तो भार त्यांच्यावर टाकू नये. रंग गडद आणि शक्यतो दोनच, म्हणजे निवडानिवडीत भांडणं होत नाहीत आणि मळही दिसत नाही. कमी पडत असतील तर यंदा एकाच इयत्तेला द्या आणि बाकीच्यांचा आकडा पुढच्या आषाढासाठी वहीत लिहून ठेवा.