तुम्ही विचारलंत म्हणून: विकायचीच नाही, तर केली कशाला?

मी गाड्यांची मातीची मॉडेलं करते हे कळलं की समोरचा हटकून विचारतो, "ती कॉन्सेप्ट कार, म्हणजे नवी कल्पना दाखवायला केलेली नमुन्याची गाडी, रस्त्यावर कधी येतच नाही. मग एवढा खटाटोप कशाला?"

पूर्वी मी हसून वेळ मारून न्यायचे. आता ब्युइक वाय-जॉबचं नाव घेते. १९३८ साली जनरल मोटर्सचे डिझाइनप्रमुख हार्ली अर्ल यांनी ती केली, एकच. मडगार्डमध्ये लपणारे दिवे, बटणावर वरखाली होणाऱ्या काचा. विकली नाही, पण अर्ल स्वतः ती वर्षानुवर्षं चालवायचे. १९५६च्या ब्युइक सेंच्युरियनमध्ये तर आरशाच्या जागी टीव्ही कॅमेरा आणि डॅशबोर्डवर पडदा होता. रिव्हर्स घेताना आज आपण दुसरं काय बघतो?

लोक भाळतात ते मात्र लान्चा या इटालियन कंपनीच्या १९७०च्या स्ट्रॅटोस झीरोवर. डिझायनर मार्चेल्लो गांदिनींची ही पाचरीच्या आकाराची गाडी जेमतेम ८४ सेंटीमीटर उंच. आत शिरायचं तर समोरची काच उचलून. देखणी आहे, वादच नाही. पण माझं मत विचाराल, तर चारचौघांच्या गाडीचा आकार बदलला तो १९७८च्या मेगागामाने, आणि तिचं पोस्टर भिंतीवर लावलेलं मी अजून पाहिलेलं नाही. लान्चाच्या गामा या गाडीच्या सांगाड्यावर डिझायनर जॉर्जेत्तो जुजारोंनी उंच, सपाट तळाची गाडी उभी केली. खोकंच म्हणा ना. कंपनीने ती उत्पादनात आणली नाही. पण उंच बसायची कल्पना टिकली: जुजारोंच्याच फियाट उनोत (१९८३) ती दिसते, आणि एमपीव्ही नावाची, उंच आणि ऐसपैस कौटुंबिक गाड्यांची अख्खी जात पुढे त्याच वाटेने गेली.

उंच गाडी बसायला सोयीची, पण दिसायला बेढब: उंचीचं हे दुखणं मला हातानेच कळलं. माती साठेक अंशांवर तापवून फोमच्या गाभ्यावर थापायची, गार झाली की पातीने खरवडायची. एकदा एका मॉडेलच्या छतावर मी दोन सेंटीमीटर माती चढवली. डिझायनर चार पावलं मागे जाऊन म्हणाला, "टोपी घातल्यासारखी दिसतेय."

दुसऱ्या दिवशी तोच त्या मापाच्या लाकडी सांगाड्यात बसला, मान न वाकवता उतरला, आणि माती काढा म्हणाला नाही. खिडकीची रेघ तेवढी काळ्या टेपने पुन्हा आखायला लावली. तीनदा.