तुम्ही विचारलंत म्हणून: गोव्यात राहून सेशेल्स कशासाठी?

मांद्र्याचा किनारा घरापासून चालत दहा मिनिटांवर असताना एवढा पैसा घालून हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर कशासाठी गेलात, असे मला भेटेल तो विचारतो. कारण आमच्या आजीच्या पेटीत आहे. तीत दर्याच्या नारळाचा वाळलेला तुकडा असे आणि मुलांचे पोट दुखले की तो सहाणेवर उगाळून ती चाटवीत असे. हा नारळ समुद्राच्या तळाशी पिकतो, असे ती सांगे. प्रत्यक्षात तो सेशेल्सच्या प्रास्लिन आणि क्यूरिएझ या दोनच बेटांवर आपसूक वाढतो, एकेक फळ पिकायला सहा-सात वर्षे घेतो, आणि वनस्पतींच्या जगात त्याच्या बीइतकी जड बी दुसरी नाही. प्रास्लिनवरच्या जेमतेम वीस हेक्टरांच्या त्या रानात उभा राहिलो, तेव्हा आजी सोबत हवी होती, असे फार वाटले.

मात्र त्याहून अधिक मनात राहिले ते आम्ही उतरलो त्या घरातले स्वयंपाकघर. तिथे काम करणाऱ्या बाईंनी नीरफणस सोलून, पातळ चकत्या करून तेलात सोडला, तेव्हा रवा तेवढा लावायचा राहिला होता. बाकी त्या आमच्या घरच्याच कापा होत्या. बटाटा जहाजाने येतो, नीरफणस परसातला, असे त्या म्हणाल्या. बेटावरचे बहुतेक अन्न बाहेरून येते, म्हणूनच पर्यटकाला तिथली महागाई जाणवते. पण त्याच्यासाठी ती पंधरा दिवसांची असते, बेटावरच्यांसाठी बारमाही. जागतिक बँकेने 2015 मध्ये हा देश उच्च उत्पन्नाच्या गटात घातला, आणि इकडे या बाई पूर्वी एका मोठ्या रिसॉर्टमध्ये अनेक वर्षे चादरी बदलत होत्या. कायद्याने किनारे सर्वांना खुले असूनही त्या रिसॉर्टसमोरच्या पाण्यात आपण लहानपणानंतर उतरलेलो नाही, हे त्यांनी कढईवरची नजर न काढता सांगितले.

माझ्या आईनेही मांद्र्यात परदेशी पाहुण्यांच्या चादरी धुतल्या आहेत, त्यामुळे ते वाक्य मला झोंबले. आम्ही मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, माडांची राखण करून त्याच्याच जमिनीत झोपडी बांधून राहिलेले, आणि 1975 च्या कायद्यामुळे हुसकून लावले जाण्यापासून वाचलेले. सेशेल्सच्या नारळबागांतही 1835 मध्ये गुलामी संपल्यानंतर मालकाच्या जमिनीत राहायचे आणि बदल्यात त्याच्याकडे राबायचे, अशी पद्धत होती. बाईंचे आजोबा तसेच राहिलेले. मी मुंडकार म्हणजे काय ते समजावू लागलो, तर अर्ध्यावरच त्यांनी समजल्याची मान हलवली.

मग त्यांनी विचारले, तुमच्याकडचे माड आता कोणाचे आहेत? मी सांगितले की थोडे आमचे आहेत. बाकीच्यांना उंच कुंपण आहे, आणि आतल्या मालकाला आम्ही अजून पाहिलेले नाही.