कयाकच्या मोडलेल्या फासळ्या

परवा शेवटी कयाकचं, म्हणजे माझ्या वल्ह्याने चालवायच्या लांब निमुळत्या होडीचं, कापड कापलं. पाच वर्षांपूर्वी इथे सिएटलमध्ये गॅरेजमध्ये मी स्वतः बांधलेली कयाक, 17 फूट लांब, लाकडी सांगाड्यावर नायलॉन ताणून शिवलेली, आणि तिच्या डेकवरची, म्हणजे वरच्या बाजूची, मधली शिवण माझ्याच हातची, तिच्यात कात्री घालायला मला अख्खी सकाळ लागली.

झालं असं की ऑगस्टमध्ये प्युजेट साउंडवर, म्हणजे इथल्या खाडीत, एका खडकाळ किनाऱ्याला लागत होते, मागून लाट आली आणि मी बसलेली असतानाच कयाक खडकावर आपटली. कट्ट असा आवाज आला. पाणी मात्र थेंबभरही आत आलं नाही, कापड ताणतं म्हणून वाचतं आणि मार सगळा लाकूड खातं. कॉकपिटमधून, म्हणजे बसायच्या भोकातून, हात घालून चाचपलं तर सीटखालच्या दोन फासळ्या, म्हणजे सांगाड्याच्या वाकवलेल्या आडव्या पट्ट्या, मोडलेल्या.

आतून बाजूला जोडपट्टी बांधून काम भागलं असतं, पण मला सांगाडा एकदा नीट बघायचा होता आणि बघितला ते बरंच झालं, कारण मागच्या बाजूला तिसरी एक फासळी टोकाला कुजलेली निघाली. फासळीची दोन्ही टोकं वरच्या लांब पट्ट्यांमध्ये, म्हणजे गनेलमध्ये, कोरलेल्या खाचांत बसतात, तिथे पाणी साचून राहतं. पटाशी टेकवली तर लोण्यात जावी तशी आत गेली. मला आधी वाटलं समुद्राच्या पाण्याने झालं, पण मीठ बुरशीला रोखतं, लाकूड कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. मागचे दोन हिवाळे कयाक अंगणातल्या छपराखाली सुलटी ठेवली होती आणि इकडचा पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो. ज्यांच्याकडे अशी कयाक आहे त्यांना कळकळीने सांगते, उलटी ठेवा आणि घरात ठेवा.

ही मूळ विद्या इनुइट लोकांची. ग्रीनलंडमध्ये झाडंच नाहीत म्हटलं तरी चालेल, त्यामुळे सायबेरियाच्या नद्यांतून वाहत, बर्फाबरोबर किनाऱ्याला लागलेली लाकडं वेचून ते सांगाडा बांधायचे आणि त्यावर सीलचं कातडं, जे बायका शिवायच्या, पाणी आत येणार नाही अशा टाक्याने. कातडं जुनं झालं की नवं चढवायचं, सांगाडा तोच. हे मला बांधताना माहीत होतं, तरी कापताना त्रास झालाच.

आता मुख्य काम, फासळ्या. माझी फासळी 6 मिलिमीटर जाड, साधारण 20 रुंद, व्हाइट ओकची. आधी दुकानातून भट्टीत वाळवलेलं ओक आणलं आणि वाफ देऊन वाकवलं तर चारपैकी चार तुटल्या. भट्टीत वाळलेलं लाकूड नंतर कितीही भिजवलं तरी ओल्या लाकडासारखं वाकत नाही, त्याला नुकतं कापलेलं किंवा नुसतं हवेवर सुकलेलं ओकच लागतं, आणि त्यातही लाकडातली रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेलेली हवी. रेषा मध्येच तिरकी होऊन कडेला निघाली तर फासळी तिथेच उकलते. माझ्या मोडलेल्या दोनपैकी एक नेमकी अशीच होती, पाच वर्षांपूर्वी माझ्या लक्षात आलं नव्हतं. आणि रेड ओक घेऊ नका, त्याच्या नळ्या मोकळ्या असतात, तुकड्याचं एक टोक पाण्यात धरून दुसऱ्या टोकाने फुंकर मारली तर बुडबुडे येतात, तसंच पाणीही आत शिरतं.

वाफेसाठी वॉलपेपर काढायचा स्टीमर आणि लाकडी खोका. आठेक मिनिटं वाफ, मग बाहेर काढल्यावर हातात अर्धा मिनिट, तेवढ्यात वाकवून व्हायला हवं. लेक खोक्याचं दार उघडायची, मी हातमोजे घालून फासळी ओढायची आणि जुन्या फासळीचे तुकडे पुठ्ठ्यावर जुळवून काढलेल्या आकारापेक्षा थोडी जास्तच वाकवायची, कारण गार होताना ती परत थोडी उघडते. पाच वाकवल्या, तीन मनासारख्या आल्या. मग एक टोक खाचेत, फासळी जरा दाबून दुसरं टोक समोरच्या खाचेत. खालचा कणा आणि बाजूच्या पट्ट्या यांना ती फक्त टेकायला हवी, ढकलायला नको, नाहीतर तळाला तिथे उंचवटा येतो.

गनेलला खाचेजवळ वीतभर चीर होती. तिच्यात कोमट केलेलं इपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारा गोंद, सिरिंजने भरलं, क्लॅम्प लावले, दुसऱ्या दिवशी वरून दोरा गुंडाळला.

बांधणी सगळी मेणाच्या दोऱ्याने. बाबा रत्नागिरीहून व्हिडिओ कॉलवर बघत होते.

"खिळा एकही नाही?"

"नाही बाबा. लाकडाच्या खुंट्या आणि दोरा."

"मग हलत असेल गं."

"हलायलाच हवी, लाटेबरोबर थोडी लवते म्हणून टिकते."

ते जरा थांबले आणि म्हणाले, म्हणजे आपल्या नौदलाच्या त्या कौंडिण्यसारखं. गोव्यात बांधलेलं शिवलेलं जहाज, अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून, 2025 मध्ये कारवारला नौदलात आलं. त्यात फळ्या एकमेकींना काथ्याच्या दोरीने शिवल्यात, माझ्याकडे फळ्याच नाहीत, पण बाबांनी ते जोडून दाखवलं तेव्हा मला फार छान वाटलं. आणि खरंच, खिळे असते तर एक फासळी काढायला शेजारचं लाकूडही फोडावं लागलं असतं. इथे दोऱ्याच्या चार गाठी कापल्या आणि फासळी सुटली, बाजूच्या कशालाही धक्का नाही.

काल सांगाड्याला उकळलेल्या अळशीच्या तेलाचा दुसरा हात दिला. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका हं, आपोआप पेटतात, बाहेर पसरून वाळवा. सांगाडा आता गॅरेजमध्ये दोन लाकडी घोड्यांवर ठेवलाय, दार उघडलं की सीडरच्या लाकडाचा वास येतो. नवं नायलॉन आलंय, रविवारी शिवायला बसणार आहे. कापड ताणून धरायला दुसरं माणूस लागतं, लेक तयार आहे.