पुण्यात गिनी पिगला अंगणात ठेवायचं असेल तर

ऑनलाइन मिळणारी गिनी पिगची लाकडी घरं बहुतेक थंड देशांतल्या नमुन्यावर बेतलेली असतात. वर काळं डांबरी छप्पर, एका बाजूला बंद खोली, पुढे जाळी. तिकडे जनावराला गारठ्यापासून जपायचं असतं. पुण्यात त्याला पहिला धोका उन्हाचा आणि दुसरा ओलीचा. तेच घर जसंच्या तसं आणून एप्रिलमध्ये अंगणात ठेवलं, तर दुपारी आतली खोली भट्टी होते.

गिनी पिगला १८ ते २४ अंश मानवतात. २८ च्या पुढे त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, अंगावर दाट केस असतात आणि तापलेल्या जागेतून तो स्वतः उठून कुठे जाऊ शकत नाही. म्हणून आधी जागा ठरवा, घर नंतर. कमाल-किमान तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि जिथे घर ठेवायचा विचार आहे तिथे, जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, सावलीत दोन-तीन दिवस राहू द्या. सकाळी बघून उपयोग नाही. दुपारी तीनचा आकडा महत्त्वाचा. घर आल्यावर तीच चाचणी रिकाम्या घरात, आतल्या खोलीत पुन्हा करा. बाहेर ३० आणि आत ३४ असेल तर दोष छपरात किंवा हवा खेळण्यात आहे.

पश्चिमेची भिंत टाळा. ती दुपारनंतर तापते, संध्याकाळी उष्णता सोडत बसते आणि पावसाळ्यात झोडही तिकडूनच येते. पूर्वेचा किंवा उत्तरेचा व्हरांडा, नाहीतर आंब्यासारख्या दाट झाडाची सावली उत्तम. गच्ची साफ नको, स्लॅब रात्रीपर्यंत गरम असतो. पार्किंगमध्ये धूर येतो. फ्लॅटची पूर्वेकडची गॅलरी चालते, पण कबुतरांची नायलॉन जाळी म्हणजे संरक्षण समजू नका. मांजर ती फाडते. कबुतरांची विष्ठा घरावर पडणार नाही इतपत वर आडोसाही हवा.

आकार. दोन गिनी पिगना (एकटा ठेवू नये, तो कळपातला प्राणी आहे) सलग ४ फूट बाय अडीच फूट जागा ही आमच्या मते सुरुवात. जाहिरातीत दोन मजले मिळून क्षेत्रफळ सांगतात, त्याला भुलू नका. हे प्राणी सपाटीवर पळणारे. उभ्या जिन्यावर ते चढत नाहीत आणि चढले तर घसरतात. उतार द्यायचाच असेल तर लांब, कमी चढाचा आणि दोन्ही बाजूंना चार इंचांची कड असलेला हवा. ससा सोबत ठेवू नका. त्याच्या एका लाथेने इजा होते, शिवाय सशाला त्रास न देणारे काही जंतू गिनी पिगला आजारी पाडतात.

सुताराकडून करून घेणं पुण्यात सोपं आहे. भवानी पेठेत टिंबर मार्केट आहे, जाळी आणि बिजागऱ्या बोहरी आळीत मिळतात. चौकट दोन बाय दोन इंची लाकडाची, तळ आणि भिंती १२ ते १९ एमएमच्या पाण्याला टिकणाऱ्या प्लायच्या. साधा कमर्शियल प्लाय पहिल्याच पावसाळ्यात फुगतो आणि मूत मुरून कायमचा वास मारतो. तळावर एकसंध व्हिनाइल घाला, कडेने दोन इंच वर चढवा आणि ती कड लाकडी पट्टीखाली दाबून टाका, कारण उघडी कड कुरतडून खाल्ली जाते. आतून रंग किंवा पॉलिश नको. जाळीचा तळ तर अजिबात नको, त्याने तळपायाला जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत.

जाळी मागताना 'चार सुती वेल्डेड जाळी' असं सांगा, म्हणजे अर्ध्या इंचाची चौकोनी. षटकोनी कोंबडीजाळी घेऊ नका. ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही, आणि एक इंची भोकातून उंदीर सहज येतो. जाळी चौकटीच्या बाहेरून बसवा. बाहेरून कोणी ढकललं तर ती चौकटीवर दाबली जाते. आतून बसवली तर त्याच धक्क्याने खिळे उपटतात. यू खिळ्यांवर भिस्त ठेवू नका. वर लाकडी पट्टी ठेवून दर चार इंचांवर स्क्रू मारून घ्या.

दाराला एकच कडी असते तिथे घोटाळा होतो. मधली कडी घट्ट असली तरी दाराचा खालचा कोपरा बोटभर वाकतो, आणि मुंगसाला तेवढी फट पुरते. वर एक, खाली एक असे दोन टॉवर बोल्ट लावा. घर जमिनीपासून दीड फूट उंच ठेवा. जमिनीवर फिरायला जाळीचं कुंपण करायचं असेल तर त्यालाही वरून झाकण हवंच, कारण घारी आणि कावळे. घूस खालून पोखरते म्हणून तळाशी जाळी बाहेरच्या बाजूला दीड फूट आडवी पसरून मातीखाली दाबा.

छपराला नुसता पत्रा नको. पत्रा, खाली दोन इंच मोकळी हवा, मग प्लाय, असं दुहेरी छप्पर करा. मंगळुरी कौलं मिळाली तर आणखी चांगलं. पुढे किमान दहा इंच पागोळी, उतार मागे. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या वाऱ्याने हलकं घर उलटतं, पाय भिंतीला क्लॅम्पने बांधा.

आत शहाबादी फरशीचा एक तुकडा ठेवा. दुपारी ते त्यावर पोट टेकून पसरतात. लपायच्या खोक्याला दोन तोंडं हवीत, नाहीतर दांडगा नर दुसऱ्याला आत कोंडून धरतो. अंथरायला वखारीतला भुसा आणू नका. त्यात बारीक धूळ असते, कुठल्या लाकडाचा आहे ते कळत नाही आणि श्वसनाचे त्रास होतात. कोरडं गवत, खाली कागद, रोज ओलं काढून टाकायचं.

मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची आपली जुनी पद्धत इथेही चालते, पण दर तीन दिवसांनी वाट्या ओतून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास होतात.

इतकं करूनही मार्च ते मे भर दुपारी प्राणी आपल्या राहत्या घरात आणा. पावसाळ्यातही घरातच बरे. ओलसर गवताला बुरशी येते आणि मळलेल्या मागच्या भागावर माश्या अंडी घालतात. एका दिवसात अळ्या होतात, म्हणून रोज उलटं धरून बघायचं. बाहेरचा खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यातही दिवाळीचे फटाके संपल्यावर. पाषाण, एनडीए भागात रात्री शहरापेक्षा जास्त गार असतात. १५ अंशांखाली जाणार असेल तर पुढच्या जाळीवर गोणपाट सोडा आणि खोली गवताने भरा, १० च्या आसपास आत घ्या.

प्राणी आडवा पडून धापा टाकतोय, तोंडातून लाळ येतेय, हात लावला तरी हलत नाही, तर ते ऊन लागलंय. लगेच सावलीत न्या, कान आणि पाय साध्या पाण्याने ओले करा. बर्फाचं पाणी नको. तसेच ओल्या फडक्यात घेऊन पशुवैद्याकडे निघा. निघण्याआधी फोन करा, कारण सगळेच कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर गिनी पिग बघत नाहीत. तो नंबर घर आणायच्या आधीच शोधून ठेवा.