तुम्ही विचारलंत म्हणून: एका नोंदणीत सारे जग येते का?

वस्तूच्या रूपाची नोंदणी एकदा केली की ती जगभर चालते का, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नवा डिझायनर विचारतो. ती चालत नाही. डिझाइनवरचा हक्क ज्या प्रदेशासाठी मिळतो त्याच्या सीमेपर्यंतच लागू असतो.

ज्या हेग प्रणालीचे नाव ऐकून लोक येतात, ती जिनिव्हातील जागतिक बौद्धिक संपदा संघटना चालवते. तिच्यामार्फत वस्तूंच्या एकाच वर्गातील 100 पर्यंत डिझाइन्स एका अर्जात अनेक सदस्य देशांसाठी नोंदवता येतात. मात्र अर्जदाराचे नागरिकत्व, वास्तव्य किंवा खराखुरा व्यवसाय एखाद्या सदस्य देशात असावा लागतो, आणि निवडलेल्या प्रत्येक देशाच्या कार्यालयाला आपल्या कायद्यानुसार संरक्षण नाकारता येते.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती अर्जासोबतच्या चित्रांची. औद्योगिक संपदेविषयीच्या आंतरराष्ट्रीय पॅरिस करारानुसार पहिल्या अर्जानंतर 6 महिन्यांच्या आत इतर देशांत अर्ज केला, तर तिथेही पहिल्या अर्जाचीच तारीख धरता येते. परंतु हा लाभ त्या अर्जात प्रत्यक्ष दाखवलेल्या रूपालाच मिळतो. किटलीच्या अर्जात दांड्याची मागची बाजू दाखवायची राहिली, तर ती नंतर जोडून जुनी तारीख मागता येत नाही. शिवाय अमेरिकेत आणि युरोपीय संघात तुटक रेषांनी काढलेला भाग संरक्षणातून वगळलेला मानला जातो, त्यामुळे दांडा अखंड रेषेने काढायचा की तुटक, यावर हक्काची व्याप्ती ठरते. हे चित्र घाईने काढलेले पाहिले की मला मनापासून वाईट वाटते, कारण मूळ वस्तूवर त्याच माणसाने कित्येक महिने घालवलेले असतात.

नावीन्याचे, म्हणजे अर्जापूर्वी डिझाइन उघड झालेले नसावे या अटीचे, नियमही सर्वत्र सारखे नाहीत. डिझायनरने स्वतःच वस्तू आधी उघड केली असेल, तर युरोपीय संघ, अमेरिका आणि जपान येथे अर्जासाठी 12 महिन्यांची सवलत आहे. चीनमध्ये ती मोजक्याच प्रसंगी आणि 6 महिन्यांपुरतीच मिळते. प्रदर्शनात मांडलेला किंवा विक्रीसाठी छायाचित्रासह जाहीर केलेला नमुना एका देशात नोंदणीस पात्र राहतो आणि दुसऱ्या देशात तोच अपात्र ठरू शकतो.

म्हणून कोणी माझ्याकडे आले की देशांची यादी मी नंतर मागतो. ही वस्तू आजवर कोणाला, कुठे आणि कोणत्या तारखेला दाखवली, हे आधी विचारतो.