माहुल: घर आहे, हवा नाही

चेंबूर स्टेशनबाहेर माहुलला जायला दोन रिक्षावाल्यांनी मान हलवली. तिसरा तयार झाला, पण परतीचं भाडं मिळत नाही म्हणून कुरकुरतच. आर. सी. मार्गावर खतांचा कारखाना, मग रिफायनऱ्यांच्या चिमण्या, टाक्या आणि टँकरच्या रांगा. खाडीवर फ्लेमिंगो बघायला जाणारी हौशी मंडळीही इथूनच जातात.

मला जायचं होतं प्रकल्पग्रस्तांच्या वसाहतीत. सात मजली 72 इमारती, 225 चौरस फुटांची घरं. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या पाडल्या आणि 2017 पासून तिथली माणसं इथे आणली. डिसेंबर 2015 मध्येच राष्ट्रीय हरित लवादाने माहुल-अंबापाड्याच्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचं नोंदवलं होतं. तरीही सामानाचे टेम्पो इकडेच वळले!

दोन इमारतींच्या मधल्या बोळात शिरले. वरून टाकलेला कचरा, गळक्या पाइपाखाली साचलेलं हिरवट पाणी. तळमजल्याच्या एका घरात भर दुपारी ट्यूब लागलेली. खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत, ऊन येणार कुठून? अशा कोंदट घरांत टीबीला आयतंच रान मिळतं. एकाला झाला की बाकीच्यांनाही धोका.

घरातल्या मावशी चहा ठेवता ठेवता बोलत होत्या. "रात्री गॅसचा वास सुटला की खिडकी लावायची. लावली की जीव घुसमटतो. पोरांना खाज, यांना खोकला." पूर्वी घाटकोपरच्या धुण्याभांड्याच्या कामांवर त्या चालत जायच्या. इथून बस, मग पुन्हा पायपीट, म्हणून निम्मी कामं सुटली. दुखणं मोठं निघालं तर गोवंडीचं शताब्दी रुग्णालय गाठायचं, त्यातही दिवसाची मजुरी बुडते. प्रदूषणाच्या अहवालांत हा खर्च कुठे धरत असतील असं मला वाटत नाही.

विद्याविहारला फूटपाथवर बसून लोकांनी 2018 मध्ये आंदोलन केलं. सप्टेंबर 2019 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं, माहुलला जाण्याची सक्ती नको; दुसरीकडे राहायला लोकांना महिना 15 हजार रुपये भाडं द्या. 2025 मध्ये महापालिकेने इथली रिकामी घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना 12 लाख 60 हजारांत विकायला काढली. मुंबईत या भावात घर म्हटल्यावर उड्या पडायला हव्या होत्या; प्रतिसाद थंड.

हे सांगितल्यावर मावशी हसल्या. "त्यांना फॉर्म भरायला दिला होय? आम्हाला नुसती चावी दिली."