आमची वाटचाल : मोंढ्यातल्या रिक्षापासून बोंडअळीपर्यंत

जालन्यात आवाजाचा धंदा, म्हणजे जाहिरातींना आणि कार्टूनला आवाज देण्याचा, चालतो का, असं विचारणारे अजूनही भेटतात. मी वाद घालत नाही, त्यांना आमच्या रेकॉर्डिंगच्या बूथमध्ये बसवते. चपला बाहेर, मोबाइल बाहेर, पंखा बंद, दार ओढून घ्यायचं. थोड्या वेळात माणसाला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागतो आणि प्रश्न संपतात.

सुरुवात मामांपासून सांगावी लागेल. मामा मंडप-लाऊडस्पीकरवाले. सप्ता, लग्न, जयंती, निवडणूक, सगळीकडे त्यांचे कर्णे. मी विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातून शिकून आलेली, लग्नानंतर जालन्यातच राहिलेली, आणि हाताला काम नाही. मामा म्हणाले, "पोरी, गळा फुकट काहून घालवती? ये दुकानात, बोल माइकवर." त्यांचा आहुजाचा अॅम्प्लिफायर, डबल कॅसेट डेक आणि माझा गळा, एवढ्यावर भागीदारी ठरली. ना कागद, ना सही. रात्री मोंढा (धान्याचा बाजार) शांत झाला की रेकॉर्डिंग, सकाळी कॅसेट रिक्षात.

२००२ साली बोंडअळीला तोंड देणाऱ्या बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बियाण्याच्या जाहिरातींना ऊत आला. जालना हे बियाण्याचं गाव, ते काही मी सांगायला नको. नव्या मोंढ्यातले एक शेटजी (नाव छापलेलं त्यांना आवडणार नाही) कॅसेट घेऊन आले. म्हणाले, "ताई, ही कंपनीनं पाठवली. पण आमच्या गिऱ्हाइकाला वाटतं, बातम्या लागल्या." मी त्यांना बापलेकाचा संवाद लिहून दिला. बाप मामा, पोरगा मी. "बाबा, औंदा कोणतं बी आणायचं?" एवढं एक वाक्य भोकरदन, परतूर, अंबड, मंठा, घनसावंगी असं सगळीकडे फिरलं. पोरं रिक्षामागं तसंच ओरडत पळायची. तेव्हापासून शेटजी दरवर्षी मृगाच्या आधी येतात, चहा घेत नाहीत, पैसे मोजून ठेवतात आणि उठताना म्हणतात, "ताई, पोरगं मोठं होऊ देऊ नका."

बाईनं पोराचा आवाज काढायचा, याचं लोकांना हसू येतं. अहो, कार्टूनच्या धंद्यात हीच रीत आहे. खऱ्या पोराचा गळा वयात येताना फुटतो, मालिका मात्र चालूच राहते. जपानमध्ये डोरेमॉनला नोबुयो ओयामा या बाईंनी १९७९ पासून २००५ पर्यंत आवाज दिला. बार्ट सिम्पसन हे द्वाड कार्टं नॅन्सी कार्टराइट या बाईंच्या गळ्यातून बोलतं. हिंदीतला निंजा हातोरी तर आपल्या मेघना एरंडेंचा. मला या कामाची ओढ मात्र एका पुरुषाच्या आवाजानं लावली. १९९३ साली दूरदर्शनवर जंगल बुक लागायचं, त्यातला शेरखान नाना पाटेकरांचा. आमच्या घरात मोठी माणसंसुद्धा हातातलं काम टाकून ऐकायची.

माइक घेतला तो रोड कंपनीचा एनटी-वन-ए. कंडेन्सर आहे, म्हणजे बारीकसारीकही पकडणारा, ४८ व्होल्टची फँटम पॉवर (वायरीतूनच माइकला जाणारी वीज) लागते, आणि त्याची स्वतःची खरखर ५ डीबी, म्हणजे जवळजवळ नाहीच. त्याचा त्रास असा की तो सगळं ऐकतो. स्टेशनवरची गाडी, एमआयडीसीतले सळयांचे ट्रक, शेजारच्या मावशींचा कुकर. लोडशेडिंगच्या काळात इन्व्हर्टरवर रेकॉर्ड केलं की खालून गुणगुण यायची ती निघता निघायची नाही. पॉप फिल्टर, म्हणजे प-फ ची फुंकर अडवणारी जाळी, मी विकत आणलाच नाही. भरतकामाच्या लाकडी रिंगवर नायलॉनचा जुना मोजा ताणून बसवला, तोच अजून आहे. भिंतींना सासूबाईंच्या गोधड्या. अंड्यांचे ट्रे चिकटवणाऱ्यांना माझं सांगणं आहे, आजच काढा ते. बाहेरचा आवाज ते अडवत नाहीत, आतल्या आवाजातलं वरचं थोडंसं मारतात आणि झुरळं पाळतात. जाड गोधडी भिंतीपासून जरा सुटी टांगा. माइकपासून तोंड एक वीत लांब. ओरडायचं असेल तर दोन वीत, आणि मान तिरकी. हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगते. त्यातलंच एक पोरगं पुढे 'समोरचे' झालं, ते येतंच आहे.

मुंबईच्या एका कंपनीचे कुणी लग्नासाठी जालन्यात आले होते. त्यांनी रिक्षातलं पोरगं ऐकलं आणि विचारत विचारत दुकानापर्यंत पोचले. परदेशी मालिका, ११ मिनिटांचे ५२ भाग, मराठी डबिंग. संगीत आणि इफेक्टचा ट्रॅक तयार येतो, आपण फक्त बोलायचं. फक्त म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. कार्टूनचं तोंड मोजक्याच आकारांत उघडतं-मिटतं, पण प, ब, म आला की ओठ मिटलेच पाहिजेत. चित्रातलं तोंड बंद आणि तुमचा 'आ' चालू, हे चार वर्षांचं लेकरूही पकडतं. मराठी वाक्य लांबतं, क्रियापद शेवटी लटकतं, मग पानच्या पान कापून पुन्हा लिहायचं. धापा, ठेचा, आपटणं या एफर्टच्या जागा सेशनच्या शेवटी घ्यायच्या, नाहीतर गळा बसतो आणि दिवस बुडतो. खाण्याचा आवाज खाऊनच काढावा. अमेरिकेत मेल ब्लँक बग्ज बनीसाठी खरं गाजर चावून थुंकायचे. आमच्याकडे काकडी. आणि पहिल्या भागातला आवाजाचा तुकडा जपून ठेवा, दर सेशनआधी ऐका. दोन महिन्यांत पात्र कधी अर्धी पट्टी खाली उतरतं, तुम्हाला कळतसुद्धा नाही.

या कामासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं, पाटल्या ठेवल्या, दुसरा बूथ बांधला. निम्म्याहून जास्त भाग गेले आणि मेल आला: नायकाचा आवाज 'मराठवाडी वाटतो', बदला. मी नाट्यशास्त्र शिकलेली बाई, ण आणि न जागच्या जागी. तरी म्हणे वाक्य शेवटी हेल काढतं. गंमत अशी की त्याच मालिकेतल्या चोराला आणि गड्याला "जरा गावाकडचं बोला" ही सूचना त्याच लोकांची होती. आमची बोली चोराला चालते, पोराला चालत नाही. चाललंय ते चालू द्या, पण झालेल्या भागांचं बिल तरी द्या, असं मी लिहिलं. उत्तर आलं नाही.

तेव्हाच दुष्काळ. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष. शेतकऱ्याच्या हातात पैसा नाही तिथं बियाण्याची जाहिरात कोण करणार? नोव्हेंबरात नोटबंदी झाली आणि लग्नाच्या ऑर्डरीही गेल्या. एसी विकला. नवा बूथ टायपिंग क्लासवाल्याला भाड्यानं दिला.

आणि मालिकेचे उरलेले भाग कुठे गेले? रस्त्याच्या पलीकडे. आमच्याच शिकाऊ पोरानं समोरच्या कॉम्प्लेक्समध्ये गाळा घेतला होता. जन्म परतूरचा. तो कोणत्या तोंडानं पुणेरी बोलला मला माहीत नाही, पण दर निम्मा होता, आणि निम्म्या दरात ऐकणाऱ्याच्या कानाला हेल लागत नाही. त्याचंही मी सोडलं असतं. पण बोर्ड काय लावावा? 'मराठवाड्यातील पहिला डबिंग स्टुडिओ'. माझ्या गोधड्यांची मापं घेऊन बूथ बांधला आणि पहिला! मामा म्हणाले, जाऊ दे. मी जाऊ दिलं नाही. आमच्या विजेच्या पहिल्या बिलाची पावती फ्रेम करून दर्शनी भिंतीवर लावली, तारीख रस्त्यावरून दिसेल अशी. ज्यांना वाचायची त्यांनी वाचावी.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं कापूस खाल्ला. बीटीला ती सरावली होती. शेटजी अवेळी आले, तेही उन्हाळ्याच्या आधी. म्हणाले, "ताई, अळीचं कार्टून करायचं. गावोगाव दाखवायचं. औषधाचं भाषण कुणी ऐकत नाही, अळीच बोलली पाहिजे." त्यांच्याच दुकानावर लोक बियाण्याचा जाब विचारायला येत होते. तरी त्यांनी आगाऊ पैसे ठेवले.

डबिंगमध्ये आपण चित्राच्या मागे पळतो. इथं आधी आवाज, मग चित्र. मी जिथं थांबले तिथं अळी थांबली, मी आवंढा गिळला तर तिचा गळा हलला. ही अळी बोंडाच्या आत असते, बाहेरून पत्ता लागत नाही. म्हणून बोंडातली वाक्यं मी गोधडीच्या घडीत तोंड खुपसून बोलले. डोमकळीतली (अळी शिरून न उमललेल्या फुलातली) वाक्यं मोकळी, लाडातली. "ठेवा की फरदड, माझ्या दोन पोरी उजवायच्यात अजून." (फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही शेतात राखलेला कापूस.) मादीच्या वासाचं आमिष लावलेल्या कामगंध सापळ्यात नर पतंग अडकतात, म्हणून मादीची तक्रारही माझ्याच आवाजात: "आमचे हे सांजच्याला गेले ते आलेच न्हाईत." शेतकऱ्यांना हेक्टरी ५ सापळे सांगायचे होते, ते पतंगिणीनं रडत मोजून सांगितले. सगळं अस्सल जालन्याच्या बोलीत. हेल काढून, हक्कानं. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा माणसं हसली, मग एकानं उठून विचारलं, सापळे कुठं मिळतात?

बोंडअळीनं शेतकऱ्यांचं वाटोळं केलं आणि आमचे हप्ते फिटले. लिहिताना बरं वाटत नाही, पण हिशेब तसाच आहे.

मग पुढची वर्षं बरी गेली. लॉकडाउनमध्ये गोष्टींचे व्हिडिओ केले, टायपिंग क्लासवाल्याकडून बूथ परत घेतला. समोरचे आता मशीनचा आवाज विकतात, बोर्ड तोच आहे. नव्यानं धंद्यात येणाऱ्यांनी एवढं करावं: निम्मे पैसे आधी घ्यावेत, आणि बिल थकलं की पुढचा ट्रॅक पाठवू नये, गिऱ्हाईक कितीही गोड बोललं तरी.

सध्या सोयाबीन खाणाऱ्या शंखी गोगलगायीचं काम हातात आहे. २०२२ साली लातूर, बीडकडे तिनं पेरण्या साफ केल्या होत्या. तिचा आवाज कसा असावा, यावर मामांचं आणि माझं जमत नाही. त्यांना ती कण्हणारी म्हातारी हवी. मला वाटतं, ती मतं मागायला आलेल्या बाईसारखी सावकाश, गोड बोलावी. दोन्ही करून ठेवलेत, शेटजी शुक्रवारी येऊन ऐकणार आहेत.